काचेतला खांदा

६ सप्टेंबर

दादा,

मायन्यात काय लिहावं यावर बराच वेळ घालवला. 'तीर्थस्वरूप' लिहायला हात वळेना, आणि 'प्रिय' लिहिलं असतं तर तू घाबरला असतास. म्हणून नुसतंच दादा. तेवढं नातं कुठल्याही तपासणीत बाद होत नाही.

मंगळवारी सकाळी तू आमच्या केंद्रात आला होतास. वैमानिकांची वैद्यकीय तपासणी, दुसरा मजला, लिफ्टमधून बाहेर पडलं की डावीकडे. निळा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, आणि समोरच्याकडून काम करून घेणारं तुझं ते जुनं हसू. तुझे नेहमीचे डॉक्टर निवृत्त झाले म्हणून तुला इकडे पाठवलं, असं तू रिसेप्शनवरच्या मुलीला सांगत होतास. तिने तुला रांगेत दोन माणसं पुढे घेतलं, ते मी पाहिलं. आधी वजन झालं, मग रक्तदाब, मग डोळे, मग छातीचा आलेख. शेवटी कान.

कानाच्या खोलीत जी बाई होती ना, डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क, नाकावर जाड चष्मा, ती मी होते.

मी म्हणाले, "बसा. आधी डावा कान. आवाज आला की बटण दाबायचं." तू म्हणालास, "काय म्हणालात, मॅडम?" मी पुन्हा सांगितलं. तू मान डोलावलीस, पण तुझी नजर माझ्या मास्कवर होती. ओठ दिसत नव्हते म्हणून तुझी पंचाईत झाली होती.

एके काळी फोनवर मी नुसती खोकले तरी तू ओळखायचास. त्या दिवशी तुझ्यापासून हातभर अंतरावर उभी राहून बोलले आणि तू मला मॅडम म्हणालास. आधी वाटलं, सहा वर्षं बोलणं नाही, विसरला असेल. मग यंत्र सुरू केलं आणि कळलं, विसरला नाहीस. मी तुला नीट ऐकूच आले नाही.

इंजिनाच्या शेजारी आयुष्य काढलेल्या माणसाचे कान वरच्या पट्टीत आधी जातात. बायकांचे, लहान मुलांचे, पाखरांचे आवाज पुसट होतात. पुरुषांचं बोलणं ठीक कळतं, त्यामुळे कामावर कुणाला पत्ता लागत नाही आणि घरात मात्र भांडणं होतात. "मुद्दाम बहिऱ्यासारखं करतोस," असं वहिनी म्हणत असेल तर तिला सांग, मुद्दाम नाही.

मी इथे कशी, याचं तुला नवल वाटलं असेल. नवल तुझंच आहे. मी 'कुठल्यातरी दवाखान्यात' आहे एवढं आईने सांगितलं आणि तुझं तेवढ्यावर भागलं. ज्या केंद्राने मला कायमची अपात्र ठरवली, तिथेच मी पुढे शिकून नोकरीला लागले. आपल्याला उडता येत नाही तर निदान उडणाऱ्यांचे कान धरावेत, म्हटलं.

तुझं बाकी सगळं उत्तम आहे. हृदय तर विशीतल्या पोराचं आहे, असं मोठे डॉक्टर म्हणाले. कानाचा निकाल मात्र त्यांनी राखून ठेवलाय, कारण ही चाचणी विश्वास ठेवण्यासारखी नाही असं मी त्यांना सांगितलं. का, ते पुढच्या पत्रात. तोवर घरी बस. तात्पुरतं ड्युटीवरून उतरवल्याचं तुला कळलंच असेल. गणवेश कपाटात लटकतो आहे आणि आपण चपला घालून घरभर फिरतो आहोत, कसं वाटतं? मी आपलं विचारते. मला माहीत आहे कसं वाटतं.

भिंगरी

(हे नाव तूच ठेवलं होतंस, माझा पाय घरात ठरत नाही म्हणून. ती भिंगरी कुणी थांबवली ते मला कळलं आहे. आज एवढंच.)


१२ सप्टेंबर

दादा,

तुझा निरोप मिळाला. "भिंगरे, तू? काय योगायोग! भेटून बोलू. कागदावर काही लिहीत बसू नकोस." उद्गारचिन्ह छान आहे. पण भेटणार नाही. तू समोर आलास की हसतोस आणि मग समोरच्याचा राग त्याला स्वतःलाच खोटा वाटायला लागतो. कागद बरा. कागदाला तुझं हसू दिसत नाही.

आधी तुझी चोरी सांगते.

आमच्याकडे येणाऱ्या वैमानिकांच्या युक्त्या आम्हाला पाठ आहेत. पोट आत ओढून काट्यावर उभे राहतात, जसं काही काटा पोट बघून वजन सांगतो. डोळे तपासायला बसायच्या आधी बूट बांधायच्या निमित्ताने वाकतात आणि तक्त्याची खालची ओळ पाठ करतात. एकजण रक्तदाबाच्या वेळी डोळे मिटून पुटपुटत होता, मला वाटलं प्रार्थना, तर तो आपल्या बागेतल्या झाडांची नावं घेत होता. त्यांचा राग येत नाही. ज्याचं सगळं आयुष्य दर वर्षी एका सकाळी पणाला लागतं, तो असलं काहीतरी करणारच.

कानाच्या खोलीतली युक्ती जुनी आहे. आवाजबंद बूथमधली खुर्ची मुद्दाम आडवी ठेवलेली असते, म्हणजे बसणाऱ्याला यंत्र चालवणारा माणूस दिसू नये. पण समोरच्या भिंतीवर कानाच्या आतल्या भागांचं एक मोठं चित्र काचेच्या चौकटीत लावलंय. त्या काचेत यंत्र चालवणाऱ्याचा उजवा खांदा दिसतो. आवाज सोडायला मी खटका दाबते तेव्हा खांदा किंचित हलतो. "कानाच्या खोलीत गेलास की चित्राकडे बघत बस," असं तुम्ही लोक कँटीनमध्ये एकमेकांना सांगता. नवीन आलेल्यांनाही सांगता. तुम्हाला वाटतं आम्हाला माहीत नाही.

मला माहीत होतं. बाकीच्यांना मी डाव्या हाताने खटका दाबून पकडते. चित्र काढायला कुणालाही दोन मिनिटं लागली असती. मी काढू दिलं नाही. "असू दे, खोलीला शोभा आहे," म्हणायचे. कधीतरी तू त्या खुर्चीत बसशील आणि शिकवल्याप्रमाणे चित्राकडे बघशील, याची मी वाट पाहत होते.

त्या मंगळवारी तू सगळे आवाज ओळखलेस. एकही चुकला नाही. तुझ्या वयाच्या माणसाला हे शक्यच नाही. मग मी काय केलं, सांगू? खांदा हलवला आणि आवाज सोडलाच नाही.

तू बटण दाबलंस.

पुन्हा हलवला. पुन्हा दाबलंस. हेडफोनमध्ये चिटपाखरूही नव्हतं, दादा, आणि तू शांतपणे, खात्रीने, ऐकू आल्यासारखा चेहरा करून बटण दाबत होतास. मग डाव्या हाताने खरा आवाज सोडला, चांगला मोठा, तेव्हा तू काचेतल्या खांद्याकडे बघत स्वस्थ बसून राहिलास. मला इतका आनंद झाला की मास्क होता ते बरं झालं.

आता माझी गोष्ट. अर्धी तुला माहीत आहे, कारण ती तूच लिहिलीस.

विमान चालवायला शिकवणाऱ्या त्या शाळेत आपण दोघं होतो. मोठ्या विमानाच्या प्रशिक्षणासाठी एकालाच पाठवणार होते आणि पहिलं नाव माझं होतं. मी एकटीने पहिल्यांदा विमान उचललं तो दिवस तुला आठवतो का? शेजारचे शिक्षक उतरले की विमान हलकं होतं आणि आपल्या अंदाजाआधीच जमीन सोडतं. मी हसले होते वर. मोठ्याने, एकटीच. खाली आल्यावर पहिली मिठी तू मारलीस.

त्याच महिन्यात वैद्यकीय मंडळाने मला अपात्र ठरवलं. कारण: फिट येण्याचा पूर्वेतिहास. तीन वर्षांची असताना तापात एकदा मला फिट आली होती. आईने ते डॉक्टरांना प्रामाणिकपणे सांगितलं होतं. मला वाटत राहिलं, त्यावरूनच झालं. आईलाही तेच वाटत राहिलं.

सहा वर्षांपूर्वी मंडळातले डोळ्यांचे म्हातारे डॉक्टर निवृत्त झाले. त्यांच्या निरोपाच्या चहाला ते माझ्या शेजारी बसले आणि केक खाता खाता म्हणाले, "तुमच्या वेळी आमचा नाइलाज झाला हो. लहानपणी तापात आलेली एखादी फिट आम्ही धरत नाही. पण सख्खा भाऊ येऊन सांगतो, की बारा वर्षांची होईपर्यंत अधूनमधून येत होत्या, घरचे लपवतात, तर आम्ही काय करणार? डोळ्यांत पाणी होतं बिचाऱ्याच्या. म्हणाला, माझी बहीण आहे, उद्या विमान घेऊन कोसळली तर?"

मी त्यांना चहाचा दुसरा कप आणून दिला. त्यानंतर तुझ्याकडे आले नाही. तुला वाटलं मी जळते. वहिनीने आईला तसं सांगितलंही.

त्या मंडळाचे कान भरायला तुला किती वेळ लागला असेल? दहा मिनिटं? पंधरा? आणि पाणी कुठून आणलंस रे डोळ्यांत?

भिंगरी


१९ सप्टेंबर

दादा,

गुरुवारी तुझी चाचणी पुन्हा झाली. चित्रावर मी टॉवेल टाकला होता. आत आल्यावर तू आधी टॉवेलकडे पाहिलंस आणि मग माझ्याकडे. मोठे डॉक्टर शेजारी उभे होते, म्हणून दोघंही ताकास तूर लागू न देता बसलो. मी तुला "बसा" म्हणाले, तू मला "थँक्यू" म्हणालास. तू कमी पडलास. वरच्या पट्टीत तर बराच.

मी तुझी बहीण आहे हे मी डॉक्टरांना सांगितलेलं नाही. सांगायला हवं होतं, तसा नियम आहे. पण तूही सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर त्यांनी माझ्या जागी दुसऱ्याला बसवलं असतं. पण मग त्यांनी विचारलं असतं, "का? बहिणीची काय अडचण?" आणि त्याचं उत्तर तुझ्याकडे नाही. तेव्हा आपण दोघं एकाच बूथमध्ये अडकलो आहोत.

इथवर माझा राग थंड होता. व्यवस्थित घडी घातलेला. तुला खुर्चीत बसवायचं, खरं काय ते लिहायचं आणि घरी येऊन जेवायचं, एवढंच ठरवलं होतं. पण गुरुवारी संध्याकाळी तू आईकडे आलास.

मी कामावरून परतले तर तुझे बूट दारात. मी स्वयंपाकघराच्या दाराशी थांबले. तुम्ही आत टेबलाशी बसला होतात, तुझी माझ्याकडे पाठ होती. मी आल्याचं तुला ऐकू येणं शक्यच नव्हतं, हा एक फायदा.

तू म्हणत होतास, "आई, तिला समजाव. माझी नोकरी घालवायला बसली आहे. जुना राग काढतेय."

आई म्हणाली, "तिचा राग तुझ्यावर कसला? माझ्यावर असेल. त्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी काही झालं होतं का, आणि मी मेली शहाणी! तापातली फिट सांगून बसले. तोंड मिटून बसले असते तर आज पोरगी विमानात असती. माझ्या तोंडाने घात केला तिचा."

तू काय म्हणालास, आठवतंय? मला शब्द न् शब्द आठवतोय. तू म्हणालास, "जाऊ दे आई. तू मुद्दाम थोडंच केलंस."

दादा, तू तिला माफ केलंस! तिने न केलेल्या गोष्टीसाठी, तुझ्या स्वतःच्या गोष्टीसाठी, तू तिच्या हातावर हात ठेवून तिला माफ केलंस. केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. कापून झाल्यावर वर पट्टी बांधून देणं मी त्या दिवशी पाहिलं.

तू गेल्यावर आई माझ्या मागे लागली. "एखादा आवाज नाही ऐकू आला तर काय आभाळ कोसळतं का ग? माझ्या चुकीचं त्याच्यावर उट्टं काढू नकोस." मी तिला म्हटलं, "तुझी चूक नव्हती, आई." ती म्हणाली, "तू मन राखायला म्हणतेस." मी आणखी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी सांगितलं तर तिला वाटणार, पोरगी जळफळाटाने भावाचं नाव घेतेय. हे तिला फक्त तुझ्या तोंडून खरं वाटेल. लहानपणापासून तिला तुझंच खरं वाटत आलंय.

म्हणून आता मला तुझा निकाल नको आहे. मला तुझ्या तोंडून एक वाक्य हवंय. बस. आईसमोर म्हण, नाहीतर कुठेही म्हण.

भिंगरी


२३ सप्टेंबर

दादा,

उत्तर नाही. बरं.

हे कामाचं पत्र आहे. तू विचारायला कमी करणार नाहीस आणि मी टाळाटाळ केली असं म्हणायला तुला जागा नको, म्हणून लिहून देते.

साध्या चाचणीत कमी पडलेल्या वैमानिकाला नियमाप्रमाणे एक संधी मिळते. विमानातल्यासारख्या गोंगाटात माणसाचं बोलणं त्याला कळतं का, ते पाहतात. कळलं तर तो पात्र, मग बाकी आलेख कसाही असो. मला हा नियम पटतो. विमानात पाखरं ऐकायची नसतात, शेजारच्याचं आणि खालून बोलणाऱ्याचं ऐकायचं असतं.

सोमवारी सकाळी साडेदहाला ये. गोंगाटाच्या खोलीत तू बसशील, तुझ्या शेजारी मोठे डॉक्टर बसतील. त्यांच्या हातात वाक्यांचा कागद असेल. मी काचेच्या अलीकडे माइकपाशी. माझं बोलणं फक्त तुझ्या हेडफोनमध्ये येईल, डॉक्टरांना गोंगाट आणि तुझा आवाज तेवढा ऐकू येईल. मी वाक्य बोलायचं, तू जसंच्या तसं म्हणायचं, डॉक्टरांनी बरोबर किंवा चूक अशी खूण करायची. थोडी चुकली तरी चालतात.

वाक्यं साधी असतात. दार लावून घे. गाडी उशिरा आली. मुलाने दूध सांडलं. घाबरण्यासारखं काही नसतं. मी स्पष्ट बोलेन आणि आवाज जेवढा ठेवायचा तेवढाच ठेवेन. तेवढा विश्वास ठेवायला हरकत नाही. या नोकरीत मी आजवर कुणाचं खोटं लिहिलेलं नाही.

चित्र आता उतरवलं आहे. भिंतीवर त्या जागी चौकोनी पांढरा डाग राहिलाय.

भिंगरी


२९ सप्टेंबर

दादा,

काल तू निघून गेलास तेव्हा जिन्याने गेलास. लिफ्ट समोर उभी होती. खिडकीतून मी तुला गाडीपर्यंत जाताना पाहिलं आणि तू दार उघडून किती तरी वेळ नुसता उभा राहिलास. मीही माझ्या दिवशी तशीच उभी होते, फक्त माझ्याकडे गाडी नव्हती, सायकल होती.

काल काय झालं ते जगात दोघांनाच माहीत आहे. लिहून ठेवते, म्हणजे पुढे तुला वेगळं आठवायला नको.

सुरुवात तू चांगली केलीस. "दार लावून घे," मी म्हटलं. "दार लावून घे," तू म्हटलंस. "पाहुणे संध्याकाळी येणार आहेत." तेही बरोबर. इंजिनाचा गोंगाट चालू होता आणि तुझा चेहरा हळूहळू बदलत गेला, विमानातल्या तुझ्या खुर्चीवर बसल्यासारखा, कामावरचा. खोटं कशाला बोलू, मला तो आवडला. तू चांगला वैमानिक असणार, हे मला पहिल्यांदा दिसलं. मग काही वाक्यं गेली. "ताईने शिट्टी वाजवली" गेलं, "सशाचे कान" गेले. मी आवाजाचं बटण एक रेषही हलवलं नाही, वर नाही, खाली नाही. डॉक्टर खुणा करत होते. चुकायला जेवढी मुभा होती तेवढी संपली आणि कागदावर एकच वाक्य उरलं. डॉक्टरांनी मला काचेतून बोट दाखवलं: शेवटचं.

कागदावर होतं, "खिडकीतून गार वारा येतो आहे."

मी म्हटलं, "मी माझ्या बहिणीबद्दल खोटं बोललो."

तेवढ्याच आवाजात. तेवढंच सावकाश.

तू ऐकलंस. मला कुणी यंत्र लावून सांगायला नको. लहानपणी काही फोडलंस आणि बाबांनी विचारलं, की तू उजव्या हाताचा अंगठा मुठीत लपवायचास. काल तुझा अंगठा मुठीत गेला. मग तू काचेतून माझ्याकडे पाहिलंस. इतक्या वर्षांत असं सरळ तू माझ्याकडे पाहिलं नव्हतंस. डॉक्टर पेन्सिल धरून थांबले होते.

त्यांनी तुला विचारलं, "कॅप्टन, वाक्य?"

तू म्हणालास, "नाही. ऐकू आलं नाही."

त्यांनी चुकीची खूण केली.

आता नीट ऐक, म्हणजे वाच. वाचायला कान लागत नाहीत.

ते वाक्य तू म्हटलं असतंस तर काय झालं असतं? डॉक्टरांनी कागद पाहिला असता. हे वाक्य यात नाही, हे त्यांना तिथल्या तिथे कळलं असतं. बाहेर येऊन त्यांनी मला विचारलं असतं आणि मी खरं सांगितलं असतं: हा माझा भाऊ आहे, मी चाचणीत माझं वाक्य घुसवलं. माझी नोकरी दुपारपर्यंत गेली असती. तुझी चाचणी रद्द होऊन दुसऱ्या माणसाने नव्याने घेतली असती, आणि इतक्या गोंगाटात, इतक्या भीतीत तुला ते वाक्य कळलं, म्हणजे दुसऱ्या खेपेला तू आरामात निघाला असतास. खरं बोलला असतास तर तू वर गेला असतास आणि मी खाली. मी हे सगळं आधी विचार करून, माझी मान तुझ्या हातात देऊन, ते वाक्य म्हटलं होतं. तुला फक्त माझ्यामागून म्हणायचं होतं.

तू नाही म्हणालास. तुझं विमान सोडलंस, गणवेश सोडलास, पण ते पाच शब्द तोंडातून काढले नाहीस. मला वाटायचं की तुला उडण्याचं वेड होतं म्हणून तू माझं तसं केलंस. त्याची मला थोडी तरी समजूत होती, कारण ते वेड मलाही होतं. काल कळलं की तुला उडण्यापेक्षाही चांगलं दिसणं प्रिय आहे. ते मी तुला कधीही माफ करणार नाही.

मला जमिनीवर बसवणारं खोटं तुझ्या तोंडचं होतं. तुला बसवणारंही तुझ्याच तोंडचं. मी फक्त समोर बसले होते. काल तू उडायला फिट होतास, दादा. माझ्या वेळी मीही होते.

अपील करता येतं. महिन्याची मुदत असते. मोठ्या डॉक्टरांना एवढंच सांगायचं की शेवटचं वाक्य मला ऐकू आलं होतं. ते विचारतील, काय होतं? मग ते त्यांना म्हणून दाखवायचं. बाकीचं मी बघेन, माझा राजीनामा लिहून तयार आहे. मुदत संपेपर्यंत रोज सकाळी उठून तू ठरव, की आज म्हणायचं का. माझी मुदत संपल्यावरही मी रोज उठत होते.

संध्याकाळी आई दाराशीच उभी होती. "काय झालं त्याचं?" मी म्हटलं, "नापास झाला." ती म्हणाली, "अगं, काहीच ऐकू आलं नाही का त्याला?" मी म्हटलं, "बरंच आलं. शेवटचं वाक्य नाही आलं म्हणतो." "काय होतं ते वाक्य?" मी म्हटलं, "ते त्यालाच विचार."

रविवारी ती तुझ्याकडे येते आहे. विचारल्याशिवाय राहायची नाही, तुला ठाऊक आहे ती. तिचा आवाज बारीक आहे, म्हणून मी तिला सांगून ठेवलंय, त्याच्या उजव्या बाजूला बस, त्या कानाने त्याला बरं ऐकू येतं.

भिंगरी